कळसाडी कलेक्शन, नंबर एक

पुतण्या न्यू जर्सीहून आला तो सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन आला. पोरांना चॉकलेटं, सौ.ला अंगाला लावायचं लोशन, आबांना गुडघ्याला चोळायचं मलम आणि मला एक पेटी. पेटी जाड पुठ्ठ्याची, देखणी, ‘आधी हात धुऊन या’ असं न बोलता सांगणारी. आत सत्यजित राय यांचे तीन सिनेमे: ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’. पेटी काढणारी कंपनी अमेरिकेतली, नाव क्रायटेरियन. ही मंडळी १९८४ पासून जगभरचे निवडक सिनेमे घरी बघण्यासाठी काढतात, सिनेमांना नंबर देतात, आणि ज्याला नंबर मिळाला तो सिनेमा तरला, असं पुतण्याच्या बोलण्यावरून दिसलं.

“काका, तुम्ही व्हिडिओच्या धंद्यातले. याची किंमत तुम्हालाच कळेल.”

मला कळायच्या आत ती सौ.ला कळली. पुतण्याने भोळेपणाने ९९ डॉलर ९५ सेंट हा आकडा सांगितला आणि तिने बोटांवर हिशोब केला. “आठ हजाराच्या वर? तीन पिक्चरचे? हे तर एका रात्रीत तीन दाखवायचे, टीव्हीसकट.”

खरं आहे ते. ऐंशीचं दशक सरताना आणि नव्वदचं लागताना आमच्या नंदुरबारकडच्या कळसाडीत ‘व्हिडिओ लावायचा’ म्हटलं की माझंच नाव निघायचं. दुसऱ्या कोणाचं निघत नसे, कारण दुसऱ्या कोणाकडे व्हीसीआर नव्हता. बारसं असो, जावळं असो, गणपती असोत, नाहीतर कापसाचे पैसे नुकतेच हातात आलेले असोत, लोक सुपारी देत. मी व्हीसीआर गोधडीत गुंडाळून, टीव्ही बैलगाडीत कडब्यावर निजवून ठरल्या घरी पोचायचो. गोधडी व्हीसीआरला आणि थंडी मला, अशी वाटणी होती.

त्या काळी सिनेमा निवडण्याचे आमचेही नियम होते. पहिला देवाचा, दुसरा मारामारीचा, तिसरा उरलेला. पहिल्याला बायाबापड्या पुढे बसत. ‘जय संतोषी माँ’ लागला की चपला अंगणाबाहेर निघत, आणि सिनेमा संपल्यावर त्या चपलांची जी अदलाबदल व्हायची तिच्यापायी गावातल्या अर्ध्या घरांशी माझे संबंध बिघडले. दुसऱ्याला तरणी पोरं. पडद्यावर मारामारी सुरू झाली की प्रेक्षकांतही व्हायची आणि दोन्हीकडचे आवाज मिसळल्यामुळे ‘ढिशूम’ कुठला आणि खरी कानफटात कुठली, हे सकाळी गाल बघितल्यावर कळायचं. तिसरा सिनेमा पहाटे तीनला. त्याला यजमान उरत, कारण पैसे त्यांचे; आणि मी उरायचो, कारण यंत्र माझं. दोघेही घोरायचो. मधेच यजमानाला जाग आली तर “जरा मागे घ्या, एवढं बघायचं राहिलं” म्हणत. मी मागे घेईपर्यंत ते परत झोपलेले. असे पुष्कळ सिनेमे मी उलटे पाहिले आहेत आणि त्यातले काही उलटेच बरे होते, हे माझं अभ्यासांती झालेलं मत आहे.

तर पेटी चालवून बघायची ठरली.

“काका, हे ब्लू-रे आहे,” पुतण्या म्हणाला. ‘ब्लू’ ऐकताच आबांनी नातवंडांना ओट्यावरून पिटाळलं आणि स्वतः मात्र चष्मा पुसून पुढे सरकले. व्हिडिओच्या धंद्यात तो रंग फार बदनाम होता. सौ.ने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात तिचे तीस वर्षांचे जुने संशय लख्ख होऊन समोर आले.

घरातल्या डीव्हीडी प्लेअरने तबकडी आत घेतली, आत काहीतरी दळलं, पडद्यावर ‘नो डिस्क’ असं लिहिलं आणि तबकडी परत द्यायला नकार दिला. मी स्क्रू-ड्रायव्हर आणायला उठलो तसा पुतण्या माझ्या आणि यंत्राच्या मधे आडवा झाला. शेवटी त्याने सुईने काहीतरी टोचून ती सोडवली. मग आम्ही शहाद्याला गेलो. तिथे एका दुकानात ब्लू-रे प्लेअर होता. विकायला ठेवलेला होता, पण इतकी वर्षं की त्याच्यावर दुकानदाराने देवाची तसबीर आणि उदबत्तीचं घर मांडलं होतं.

“चालेल का यावर?” मी विचारलं.

“पिक्चर कुठला?”

“बंगालचा.”

“मग चालायला पाहिजे. बंगाल आपल्यातच आहे.”

“पेटी अमेरिकेची आहे.”

दुकानदाराने लगेच तसबीर जागच्या जागी ठेवली. “मग नाही चालणार. रिजन वेगळा.”

रिजन ही काय भानगड, ते पुतण्याने परतीच्या वाटेवर समजावून सांगितलं. ब्लू-रे काढणाऱ्यांनी जगाचे तीन वाटे केले आहेत: ए, बी आणि सी. अमेरिका ‘ए’मध्ये, युरोप ‘बी’मध्ये, भारत ‘सी’मध्ये. ‘ए’ची तबकडी ‘सी’च्या यंत्रात घातली तर यंत्र ओळखही दाखवत नाही. म्हणजे बंगालच्या खेड्यातलं पोर, बंगालच्या खेड्यात काढलेला सिनेमा, तो सातासमुद्रापार जाऊन सोनं लागल्यासारखा नटून परत आला आणि आता त्याला स्वतःच्याच देशात यायला परवाना नाही. आमच्या जिल्ह्यात नवापूरचं रेल्वे स्टेशन आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथे माणूस तिकीट एका राज्यात काढतो आणि गाडीची वाट दुसऱ्या राज्यात बघतो. मधे कोणी अडवत नाही. ब्लू-रेचे वाटे करणाऱ्यांनी एकदा त्या फलाटावर येऊन बसायला हवं होतं.

सिनेमा दिसेना, तेव्हा मी पेटीतली पुस्तिका बघायला घेतली. पुतण्या अर्थ सांगत गेला आणि जे पुस्तिकेत नव्हतं ते पदरचं घालत गेला. निघाला तो मोठा सरस मामला.

‘पथेर पांचाली’ १९५५चा. पैसे संपले, शूटिंग बंद पडलं, राय यांनी बायकोचे दागिने गहाण टाकले, आणि अखेर बंगाल सरकारने मदत केली. सरकारदरबारी सिनेमासाठी खातं नव्हतं. सिनेमाच्या नावात ‘पथ’ आहे म्हटल्यावर रक्कम रस्तेसुधारणेच्या नावाखाली पडली. हे ऐकून आबा ताठ बसले. “म्हणजे रस्त्याचे पैसे पिक्चरमध्ये गेले?”

“हो.”

“आणि पिक्चर चांगला निघाला?”

“जगात नाव झालं.”

आबा बराच वेळ दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले. “आपल्याकडचे पैसे गेले ते गेले,” ते म्हणाले, “निदान एखादा पिक्चर तरी निघाला असता.”

पुढची हकिगत आगीची. १९९३ साली लंडनच्या एका फिल्म लॅबोरेटरीत आग लागली आणि तिथे ठेवलेल्या या सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. एखाद्याने त्या कचऱ्यात टाकल्या असत्या. अमेरिकेतल्या ऑस्करवाल्या अकादमीने तो होरपळलेला माल सांभाळून ठेवला. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्या गावच्या कारागिरांनी त्या कडक झालेल्या फिती ओल्या करून मऊ केल्या, फाटलेल्या कडा हाताने दुरुस्त केल्या, आणि त्या हातकामाला हजारेक तास लागले. मला ते ऐकून भरून आलं, कारण मीही त्याच बिरादरीतला. अडकलेली टेप काढणे, तुटलेली टेप चिकटपट्टीने जोडणे, पावसात भिजलेली कॅसेट पंख्याखाली वाळवणे, हेडवरची घाण कापसाच्या बोळ्याने पुसणे, हे सगळं मी केलेलं आहे. फरक एवढाच, की बोलोन्यात काम झाल्यावर चित्र दिसायला लागलं.

आणि आपल्याकडे? जुनी जरीची साडी आतल्या चांदीसाठी विकत घेऊन जाळणारे पूर्वी दारोदार यायचे ना, जुन्या सिनेमांचंही तेच झालं. फिल्मवर चांदीचा अंश असतो. ती काढून घेण्यासाठी कित्येक सिनेमे भंगारात गेले. १९३१चा ‘आलम आरा’, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज हाती नाही. उरलेले जपायला पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, आणि २००३ साली तिथल्या ज्वालाग्राही फिल्मांच्या गोदामाला आग लागून प्रभातच्या काळातलंही पुष्कळ काही गेलं. हे मी पारावर सांगितलं तेव्हा मंडळी हळहळली आणि मग एकाने विचारलं, “विमा होता का?”

पारावर विषय कसा गेला ते सांगायला हवं. पेटी मी पिशवीत घालून सगळीकडे नेत होतो. न चालणारी वस्तू दाखवण्यात जो मान असतो तो चालणाऱ्या वस्तूत नाही. “हाई काय शे भो?” असं कोणी विचारलं की मी आधी हात पुसायला लावायचो. एका संध्याकाळी पुतण्याने क्रायटेरियनच्या यादीतली गंमत सांगितली आणि पाराचा नूर पालटला.

गंमत अशी, की या यादीत कुरोसावा आहे, रेन्वार आहे, राय आहेत, ऋत्विक घटक आहेत. आणि चाळिसाव्या नंबरवर ‘आर्मागेडन’ आहे. पृथ्वीवर लघुग्रह आदळणार म्हणून तेलाच्या विहिरी खणणारे गडी अंतराळात जाऊन त्याला भोक पाडून येतात, तो. इतका गडगडाटी सिनेमा या सोवळ्या पंगतीत बसलाच कसा म्हणून भले भले चिडले. सोबतच्या पुस्तिकेत सिनेमाची बाजू घेणारा लेख होता आणि तो लिहिला होता सिनेमाचा अभ्यास शिकवणाऱ्या प्राध्यापक जनीन बेसिंजर यांनी. दिग्दर्शक मायकेल बे हा त्यांचा विद्यार्थी.

पारावरची बोअरवाली मंडळी यावर एकदम खूश झाली. “म्हणजे आपल्या मास्तरांनी चार ओळी लिहून दिल्या तर आपलंही काम होतं,” एक जण म्हणाला. इतका वेळ जगातल्या थोर कलेचा वाटणारा प्रश्न वशिल्याचा निघाला आणि सगळ्यांना कळला. तेव्हाच ठरलं: कळसाडीनेही आपलं कलेक्शन काढायचं. नंबर एक कोण, एवढंच ठरवायचं राहिलं.

त्यावर समिती नेमली गेली. समितीत प्रत्येक गल्लीचा एक, महिला बचत गटाची एक, भजनी मंडळाचा एक आणि तांत्रिक सल्लागार म्हणून मी, बिनमताचा.

भजनी मंडळाने ‘संत तुकाराम’ पुढे केला. १९३६चा, प्रभातचा, विष्णुपंत पागनीस तुकोबा झालेले. व्हेनिसच्या महोत्सवात नावाजलेला. याला विरोध करायची कोणाची छाती झाली नाही. पण एक पोर हळूच म्हणालं, “पाहिलाय कोणी?” मंडळाचे प्रतिनिधी म्हणाले, “पाहायला कशाला पाहिजे? तुकोबा आहेत.” जगातल्या बऱ्याच थोर सिनेमांना याच न्यायाने मत पडत असावं, असा मला दाट संशय आहे. क्रायटेरियनच्या पेट्या घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या पेटीचं वरचं प्लास्टिकसुद्धा निघत नाही, हे पुतण्याने नंतर खासगीत कबूल केलं.

बचत गटाने ‘माहेरची साडी’ सुचवला. १९९१चा. निकष काय, तर तो लागला तेव्हा घरी परतल्यावर सासवा चार दिवस सुनांशी नीट वागत होत्या. असा परिणाम कुरोसावाच्या कुठल्याही सिनेमाचा नोंदलेला नाही. याला सासवांनी हरकत घेतली आणि ठराव बारगळला.

तरुण गल्लीने ‘शोले’ मांडला. हा पडणार नाही असं वाटत होतं, पण प्रश्न आला शेवटाचा. ‘शोले’ला दोन शेवट आहेत. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. १९७५ साली सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस मधे आले. तो मूळ शेवट जोडून, साफसूफ करून सिनेमा २०२५ साली दाखवला गेला, तोही त्याच बोलोन्या गावात. (त्या गावाला दुसरं काही काम आहे की नाही, कोण जाणे.) पण कळसाडीत तिसराच शेवट प्रचलित आहे. माझ्याकडच्या कॅसेटची टेप शेवटच्या भागात ताणली गेली होती आणि ठाकूर बुटांनिशी पुढे सरसावला की पडद्यावर मुंग्या येत. आमच्या अख्ख्या पिढीला गब्बरचं पुढे काय झालं ते माहीत नाही. एक म्हातारे गृहस्थ अजूनही शेतातून अंधार पडायच्या आत घरी येतात. समितीत तीन शेवटांचे तीन गट पडले आणि ‘दिग्दर्शकाला काय मान्य होतं’ यापेक्षा ‘व्हिडिओवाल्याने आमचे पैसे घेऊन अर्धा पिक्चर दाखवला’ या मुद्द्यावर चर्चा घसरली. मी पाणी प्यायला उठलो.

कोणीतरी मालेगावच्या ‘शोले’चं नाव काढलं. तो खरा आमच्या बाजूचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० सालच्या सुमाराला यंत्रमागवाल्या गावातली पोरं गोळा करून तो काढला. क्रेन नव्हती तर बैलगाडीवर कॅमेरा चढवला, घोडे नव्हते तर डाकू सायकलींवर बसवले. पुढे मालेगावच्या या मंडळींवर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि अलीकडे रीमा कागती यांनी मोठा हिंदी सिनेमा. बैलगाडी आणि व्हीसीआर या दोन्ही वस्तू माझ्याकडेही होत्या, हे त्या वेळी सौ.ने सगळ्यांदेखत म्हटलं. “नासिरभाईंनी पिक्चर काढला. तुम्ही काय काढलं?” मी बैल काढले, दुसरं काय.

या साऱ्या गोंधळात गावचा शूटिंगवाला इतका वेळ शांत बसून पेटी निरखत होता. त्याने ती हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाला, “भाऊ, हलकी आहे.”

“म्हणजे?”

“आपण लग्नाची याच्या दुप्पट देतो. मखमलीची.”

सभा गप्प झाली. तो खरंच बोलत होता. गावातल्या प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या खणात ती मखमली पेटी आहे. वर सोनेरी अक्षरात वधूवरांची नावं, आत चार तबकड्या, आता पेन ड्राइव्ह, सोबत बारा किलोचा वाटावा असा अल्बम. क्रायटेरियनवाले जे जे देतात ते सगळं हिच्यात आहे आणि वर बुंदीचे डाग आहेत.

त्यांच्यात सिनेमा चालू असताना कोणी जाणकार मागून समजावून सांगतो. तशी पहिली ध्वनिफीत १९८४ साली ‘किंग काँग’च्या तबकडीवर रोनाल्ड हेव्हर यांनी बोलून दिली म्हणे आणि जगाला त्याचं फार कौतुक वाटलं. आमची सौ. लग्नाचा व्हिडिओ लागला की पहिल्या मंगलाष्टकेपासून सुरू होते. “ही बघ, हिरव्या शालूतली, ती तुझ्या मामेसासऱ्याच्या साडूची बहीण. तो शालू माझा. परत दिला नाही.” हेव्हर यांना एका गोरिलाबद्दल बोलायचं होतं, हिला साडेतीनशे माणसांबद्दल, त्यांच्या पूर्वजांसह.

त्यांच्यात कापलेली दृश्यं वेगळी देतात. लग्नात ती आधीच ठरलेली असतात: मानपानावरून नवऱ्याच्या काकांनी जेवणावरून उठणं, बँडवाल्यांचं भांडण, मुहूर्त टळत असताना नवरदेवाचं घोड्यावरून उतरायला नकार देणं. हे सगळं शूट झालेलं असतं. मिक्सिंगच्या वेळी त्या जागी बर्फाळ डोंगर, उडणारी बदकं आणि कमळातून उगवणारी नवरी येते. मुलीकडची प्रत वेगळी, मुलाकडची वेगळी. आहेराचा भाग मात्र कोणीही कापू देत नाही. तो सर्वांत जास्त वेळा बघितला जातो, तोही थांबवून थांबवून, कारण कोणी पाकीट दिलं आणि कोणी नुसता हात मिळवला याचा दुसरा लेखी पुरावा नसतो.

आणि पंगत! जगातल्या कुठल्याही दिग्दर्शकाने माणसाचा चेहरा इतक्या जवळून आणि इतक्या अवघड क्षणी टिपलेला नाही. तोंडात अख्खी बट्टी, वरण हनुवटीवर, आणि नेमका हॅलोजनवाला पोरगा दिवा घेऊन समोर. मान्यवर माणूस गिळूही शकत नाही आणि हसूही शकत नाही. बडे नट यासाठी बक्षिसं घेतात. आमच्या गावात हा अभिनय घरटी झालेला आहे.

पुतण्या प्रामाणिक पोरगा. त्याने वहीत नोंद घेतली आणि म्हणाला, “काका, मग तुमचीच कॅसेट काढू या. जुनी आहे, दुर्मीळ आहे. तिचं रिस्टोरेशन करू.”

माझ्या लग्नाची कॅसेट निघाली ती गव्हाच्या कोठीमागून. पांढरी बुरशी धरली होती. शूटिंगवाल्याने ती उघडून, फीत हलक्या हाताने पुसून, कुठूनसा आणलेल्या व्हीसीआरवर लावली आणि लॅपटॉपवर उतरवून घेतली. चित्र आलं. मंडप आला, सौ. आली, आबा काळ्या मिशांसह आले. फक्त पडद्यावर एक जाड पांढरा पट्टा होता आणि तो बरोबर माझ्या तोंडावरून जात होता. मी बसलो की पट्टा खाली यायचा, उभा राहिलो की वर जायचा. शूटिंगवाला म्हणाला, ट्रॅकिंग नीट केलं तर जाईल. सौ. म्हणाली, राहू द्या, बरं दिसतंय.

तरी मी आशा सोडली नव्हती. पण क्रायटेरियनच्या काही पेट्यांवर लिहिलेलं असतं की ही प्रत दिग्दर्शकाने मान्य केलेली आहे. पुतण्याचा आग्रह पडला की तसंच व्हायला हवं. माझ्या लग्नाचं शूटिंग केलेले गृहस्थ आता बरेच वयस्क झाले आहेत, पण स्मरणशक्ती ठणठणीत. आम्ही गेलो, नमस्कार केला, आणि ‘आपली मान्यता हवी’ म्हणालो. त्यांनी चष्म्यातून बघितलं. “तुमचे अडीचशे बाकी आहेत. ते द्या, मग मान्यता देतो.” पुतण्या खिशात हात घालत होता, पण मी थांबवलं. तत्त्वाचा प्रश्न होता. शिवाय त्यांनी व्याज लावलं असतं.

अखेर पुतण्याच्या जायच्या आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे पडदा बांधला आणि माझ्याकडे बेवारस पडलेल्या कॅसेटींपैकी जी धड निघाली ती उतरवून लावली. कोणाच्या लग्नाची, ते वर लिहिलेलं नव्हतं. लाइट दोनदा गेली. कुत्रं तारेत अडकून स्पीकर पडला. ध्वनिक्षेपक सुरू झाल्यावर ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी पाणीपट्टीबद्दल दोन शब्द सांगून घेतले. मग चित्र सुरू झालं.

आणि कोणी उठेना. वरातीत जो तो आपापला माणूस शोधत होता. “ते बघ, आपले नाना.” “हा मी? एवढे केस?” “माय वं, ही तर आमनी बाई.” वाढपी म्हणून जो पोरगा पातेलं घेऊन पळत होता तो आता तिथेच मांडीवर नातू घेऊन बसला होता. तीन पिढ्यांचा आवाज एकदम चालू. हेव्हर यांचं काही चाललं नसतं. मी मागे यंत्रापाशी उभा होतो आणि पूर्वीच्या सवयीने दोनदा “एवढं मागे घ्या” ऐकलं. या खेपेला सांगणारा जागा होता.

लग्न कोणाचं, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. हळद झाली, वरात झाली, पंगती झाल्या, आणि नवरानवरी कॅमेऱ्यासमोर येणार तोच कॅसेट संपली. तीन तासांची फीत शूटिंगवाल्याने जेवणाऱ्यांवर खर्च केली होती. समितीने जागच्या जागी ठराव करून हाच सिनेमा नंबर एक ठरवला. सूचक भजनी मंडळ, अनुमोदक बचत गट. ‘शोले’च्या गटाने फक्त एवढंच नमूद करून घेतलं की याचाही शेवट व्हिडिओवाल्याने दाखवलेला नाही.

आता पेटी करायची आहे. मखमल ठरली आहे, रंगावरून दोन गट आहेत. पुस्तिकेतला लेख मुख्याध्यापकांनी लिहायचं कबूल केलं आहे, पण आपला जावई पंगतीत दिसतो तो भाग लांबवावा अशी त्यांची अट आहे. नंबर दोनसाठी आजच अकरा घरांतून अर्ज आले असून प्रत्येकाचं म्हणणं आहे की आमच्या लग्नात नवरानवरी तरी दिसतात.

म्हणून कळसाडी आणि पंचक्रोशीतल्या सर्वांना विनंती, की ज्यांनी आपापल्या लग्नाच्या, साखरपुड्याच्या, जावळाच्या कॅसेटी बुरशी काढायला म्हणून माझ्याकडे देऊन ठेवल्या आहेत त्यांनी त्या दिवाळीच्या आत घेऊन जाव्यात. नावाच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या असल्यामुळे जे लग्न हाताला येईल ते आपलं समजावं. बदलून मिळणार नाही.